गोव्यातल्या उद्योगासाठी मुक्तस्रोत हायब्रिड क्लाउड: पहिल्या तक्त्यापासून पहिल्या अपग्रेडपर्यंत

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला दीडशे-दोनशे माणसांचा कारखाना असो, की कळंगुट-कांदोळी पट्ट्यात तीन-चार हॉटेले चालवणारी कंपनी, पेच सारखाच असतो. सगळे सर्व्हर आवारात ठेवले तर डिसेंबरच्या हंगामात बुकिंगचा भार पेलवत नाही. सगळे क्लाउडवर नेले तर पावसाळ्यात इंटरनेटची लिंक तुटते तेव्हा उत्पादनही थांबते आणि फ्रंट ऑफिसही. त्यातच नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी) विकत घेतली, कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली आणि अनेक कंपन्यांना सर्व्हर रूमचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

हायब्रिड क्लाउडमध्ये काही कामे आवारातल्या सर्व्हरवर आणि काही सार्वजनिक क्लाउडवर चालतात. दोन्हीकडचे नेटवर्क, लॉगिन, बॅकअप आणि देखरेख मात्र एकाच हाताखाली असते. तीन सर्व्हर रॅकमध्ये चढवून चालू करायला दोन-तीन दिवस पुरतात. खरी मेहनत दोन बाजूंच्या सांध्यावर असते आणि बिघाडही बहुतेक तिथेच होतात, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या सांध्यासाठी आहे.

आधी तक्ता, मग खरेदी

कोटेशन मागवण्याआधी एका तक्त्यात कंपनीतले प्रत्येक काम लिहा. प्रत्येकापुढे त्याचा मालक कोण, डेटा किती, लिंक तुटली तर ते किती वेळ बंद राहिलेले चालेल आणि किती तासांचा डेटा गेला तर सोसेल, एवढे भरा. ही उत्तरे आयटी विभागाने बसल्या जागी ठरवू नयेत. शॉप फ्लोअरचा सुपरवायझर, प्रयोगशाळेतला केमिस्ट, हॉटेलात रात्री ऑडिट करणारा माणूस, हिशेब बघणारी व्यक्ती यांना जाऊन विचारा. रात्री दोनला ऑडिट चालते हे कळले नाही, तर त्याच वेळी बॅकअप लावला जातो आणि सकाळी दोन्ही अर्धवट राहिलेले सापडतात.

उत्तरे आली की वाटणी बरीचशी आपोआप होते. बारकोड, वजनकाटा, प्रयोगशाळेच्या नोंदी, हॉटेलचे चेक-इन ही मिनिटभरही थांबू न शकणारी कामे आवारातच राहतात. वेबसाइट, बुकिंग इंजिन, डीलरांचे पोर्टल क्लाउडवर जाते, कारण त्यांचे ग्राहक बाहेर असतात आणि भार हंगामाप्रमाणे बदलतो. कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग क्लाउडवर नेण्याचा मोह टाळा: ४ एमबीपीएसचे ३२ कॅमेरे म्हणजे १२८ एमबीपीएसचा अखंड अपलोड, एवढ्याने लिंकच भरून जाते. ईमेल तयार सेवेवर चांगला चालत असेल तर त्याला हात लावू नका.

कोणते सॉफ्टवेअर

तीन ते दहा सर्व्हरपर्यंत आमचा कौल प्रॉक्समॉक्स व्हीईला. डेबियन लिनक्सवर चालते, व्हीएम म्हणजे आभासी संगणक चालवायला केव्हीएम वापरते, सगळ्या सर्व्हरच्या डिस्का जोडून एकच साठा करणारे सेफ स्टोरेज त्यातच मिळते आणि नवखा माणूस आठवड्याभरात सरावतो. अनेक विभागांनी स्वतः पोर्टलवर जाऊन आपापली व्हीएम घ्यावी, कोटा आणि हिशेब वेगळा असावा अशी गरज असेल तर अपाचे क्लाउडस्टॅक बघा. ओपनस्टॅक नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली सुरू केले आणि ते ताकदवान आहे, पण त्यात ओळख, कॉम्प्युट, नेटवर्क, इमेज, डिस्क अशा प्रत्येक गोष्टीची वेगळी सेवा असते आणि प्रत्येकीची वेगळी देखभाल. त्यासाठी पूर्णवेळ तीन-चार माणसे ठेवता येत नसतील तर त्या वाटेला जाऊ नये.

क्लाउडची बाजू मुंबई किंवा पुण्यात घ्या. एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउड यांची केंद्रे मुंबईत आहेत, अ‍ॅझूरचे ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात. अंतर कमी पडते आणि डेटा भारतातच राहतो.

खोली, वीज आणि खारी हवा

समुद्राकाठच्या हवेत दमटपणा आणि मीठ दोन्ही असते, त्यामुळे कनेक्टरवर गंज चढतो आणि मेमरीच्या संपर्कपट्ट्या मळतात. खिडकी नसलेली खोली निवडा. तळमजला टाळा आणि एसीचे पाणी जाणारा पाइप रॅकच्या डोक्यावरून नेऊ नका. तापमान १८ ते २७ अंशांत आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. बाहेरची हवा आत ओढणारा पंखा किनारपट्टीत लावू नये.

तीन सर्व्हर प्रत्येकी ४०० वॅट आणि स्विच-फायरवॉलचे ३०० वॅट धरले तर भार दीड किलोवॅटपर्यंत जातो. त्याला ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस पुरतो. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, त्यांतला एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या यूपीएसवर किंवा किमान स्टॅबिलायझरमागच्या वेगळ्या सर्किटवर द्या. नेहमी निसटणारी गोष्ट म्हणजे एसी जनरेटरवर नसतो. सर्व्हर यूपीएसवर सुखाने चालू राहतात, बंद खोली मात्र अर्ध्या तासात तापते आणि सर्व्हर स्वतःहून बंद पडतात. एसी जनरेटरला जोडा. नेटवर्क यूपीएस टूल्स बसवून बॅटरी ३० टक्क्यांवर आली की आधी व्हीएम आणि नंतर सर्व्हर क्रमाने बंद होतील असे लावा. विजांच्या दिवसांत अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर मे महिन्यातच तपासलेला बरा. इमारतीबाहेर जाणारी प्रत्येक नेटवर्क केबल तांब्याऐवजी फायबरची असावी, कारण वीज पडली की तांब्याच्या वाटेने स्विच जळतात.

तीन सर्व्हर आणि साठवणुकीचे गणित

दीडशे माणसांच्या कारखान्याला एकसारखे तीन सर्व्हर पुरतात. प्रत्येकात १६ कोअर, १२८ जीबी ईसीसी मेमरी, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आरशासारख्या जोडीत दोन लहान एसएसडी आणि डेटासाठी १.९२ टीबीच्या चार एंटरप्राइझ एसएसडी घ्या. एसएसडीत वीज गेल्यावर डेटा वाचवणारे कपॅसिटर हवेत. घरगुती एसएसडी सेफखाली घातली की कागदावर वेगवान दिसणारी डिस्क प्रत्यक्षात रांगते, कारण सेफ प्रत्येक लेखन पक्के झाल्याशिवाय पुढे जात नाही. अनेक डिस्का मिळून एकच डिस्क दाखवणारे रेड कार्ड वापरू नका, डिस्क थेट दिसतील असे साधे एचबीए कार्ड घ्या.

आता हिशेब. ३ × ४ × १.९२ म्हणजे सुमारे २३ टीबी कच्ची जागा. सेफ प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवते, म्हणून उरते ७.६८ टीबी. ८५ टक्के भरल्यावर सेफ इशारा देते आणि ९५ टक्क्यांना लेखन थांबवते. एक डिस्क गेली तर तिचा डेटा त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कांवर जाऊन बसतो, त्यासाठीही जागा मोकळी हवी. म्हणून ५ टीबीच्या वर भरायचे नाही असे ठरवा. अनेक जण इथेच फसतात, २३ टीबी विकत घेतले म्हणजे २३ टीबी मिळाले असे समजून.

मेमरीचेही तसेच. सेफची प्रत्येक डिस्क सुमारे ४ जीबी खाते, चार डिस्कांचे १६, बाकी सिस्टिमचे ८, असे सर्व्हरमागे २४ जीबी बाजूला काढा. एक सर्व्हर पडला तरी बाकी दोघांनी सगळे पेलायचे आहे, म्हणजे व्हीएमसाठी हाताशी २०८ जीबी. यापेक्षा जास्त वाटप केले तर पहिल्याच बिघाडात काही व्हीएम उठणार नाहीत.

नेटवर्कला दोन १० जीबीपीएस स्विच ठेवा. सेफची वाहतूक वेगळ्या पोर्टवर आणि क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या, सर्व्हरचे आपापसातले बोलणे, म्हणजे कोरोसिंक, आणखी वेगळ्या १ जीबीपीएस पोर्टवर. कोरोसिंकला वेगापेक्षा वेळेवर पोचणे महत्त्वाचे असते. बॅकअपच्या गर्दीत त्याचे निरोप अडकले की सर्व्हर एकमेकांना मेलेले समजतात आणि हाय अव्हेलेबिलिटी (एक सर्व्हर पडला तर त्यावरच्या व्हीएम दुसरीकडे आपोआप उठवणे) चालू असेल तर मिनिटभरात स्वतःला रीबूट करतात. रात्री सर्व्हर अचानक रीबूट होतात अशा तक्रारीत आधी हेच तपासा.

क्लस्टरमध्ये सर्व्हरची संख्या विषम ठेवा आणि क्लस्टर एकाच आवारात ठेवा. त्यातला एक सर्व्हर मुंबईच्या क्लाउडवर ठेवू असे कुणी सुचवले तर नकार द्या. कोरोसिंकच्या निरोपाची जाऊन-येऊन फेरी ५ मिलिसेकंदांच्या आत व्हावी लागते आणि गोवा-मुंबई फेरीला त्याहून जास्त वेळ लागतो.

पत्त्यांची आखणी

ही पायरी कागदावर तासाभराची, पण चुकली तर दोन वर्षांनी सगळे उपसावे लागते. दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते कधीच एकमेकांवर येता कामा नयेत. १९२.१६८.१.० टाळा, कारण घरोघरच्या राउटरवर तेच असते आणि घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्याची सुरक्षित वाट) लावणाऱ्याला कार्यालय सापडत नाही. १७२.१७.०.० कंटेनर चालवणारे डॉकर स्वतःकडे घेते, १७२.३१.०.० एडब्ल्यूएसच्या मूळ नेटवर्कचे असते, १०.४२.०.० आणि १०.४३.०.० के३एस (कुबरनेटीसची लहान आवृत्ती) वापरते. कारखान्याला १०.२०.०.०/१६, दुसऱ्या शाखेला १०.२१.०.०/१६ आणि क्लाउडला १०.६०.०.०/१६ द्या. प्रत्येकात व्हीलॅन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी उपजाळी, पाडा: सर्व्हर, कार्यालय, यंत्रे, कॅमेरे, पाहुण्यांचे वायफाय, आणि सर्व्हरच्या व्यवस्थापनाचे बंद जाळे. हॉटेलमध्ये पाहुण्यांचे वायफाय बिलिंगच्या जाळ्यापासून पूर्ण तोडलेले हवे.

सांधा: दोन लिंक, दोन बोगदे

लिंक दोन घ्या आणि दोन्ही कंपन्यांना लेखी विचारा की फायबर आवारात कोणत्या बाजूने येते, कोणत्या खांबांवरून आणि गोव्याबाहेर कोणत्या मार्गाने जाते. दोन वेगळ्या कंपन्यांची बिले असतात आणि दोन्ही केबल एकाच खांबावर. माड कोसळला की दोन्ही जातात. एक लिंक सिंधुदुर्गाकडून आणि दुसरी बेळगावकडून जात असेल तर उत्तम. तिसरा आधार म्हणून फोर-जी किंवा फाइव्ह-जी राउटर ठेवा, त्यावर फक्त लॉगिन, देखरेख आणि बिलिंग चालेल एवढेच सोडा. मोबाइल लिंकला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, म्हणून त्यावरच्या बोगद्याची, म्हणजे दोन बाजूंना जोडणाऱ्या व्हीपीएनची, सुरुवात नेहमी गोव्याच्या बाजूने करा आणि २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा निरोप) लावा.

आवारात ओपीएनसेन्सच्या दोन फायरवॉलची जोडी आणि क्लाउडमध्ये एक लहान लिनक्स व्हीएम, दोन्हींमध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन. वायरगार्ड २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, सेटिंग थोडके आणि वेग चांगला. प्रत्येक लिंकसाठी वेगळा वायरगार्ड इंटरफेस करा. एकाच इंटरफेसवर दोन पीअर (पलीकडची टोके) टाकून दोघांना तेच नेटवर्क दिले तर ते शेवटच्या पीअरकडे जाते आणि पहिला मुका होतो. दोन बोगद्यांवर एफआरआर हे राउटिंगचे सॉफ्टवेअर चालवून बीजीपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) लावा, म्हणजे एक लिंक पडली की वाहतूक आपोआप दुसरीकडे वळते. हाताने मार्ग बदलायची व्यवस्था रात्री अडीचला कामाची नसते.

बोगदा उभा राहिला, पण पलीकडचे काही दिसत नाही, अशा वेळी या क्रमाने बघा:

१. क्लाउडमधल्या व्हीएमवर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पाकिटे पुढे पाठवणे) चालू आहे का.
२. एडब्ल्यूएसवर त्या व्हीएमची सोर्स-डेस्टिनेशन तपासणी बंद केली आहे का.
३. क्लाउडच्या रूट टेबलमध्ये १०.२०.०.०/१६ त्या व्हीएमकडे वळवले आहे का.
४. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडच्या फायरवॉल नियमांत) वायरगार्डचे यूडीपी ५१८२० पोर्ट उघडे आहे का.

पिंग चालते, लॉगिनही होते, पण मोठी फाइल किंवा वेबपान अर्ध्यावर लटकते, असे झाले तर दोष पाकिटाच्या आकाराचा आहे. वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, साधारणपणे १४२० बाइट असतो. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या ब्रॉडबँड) लिंकवर खालचा एमटीयू १४९२ असल्याने वायरगार्डला १४१२ द्या आणि फायरवॉलवर एमएसएस क्लॅम्पिंग (जोडणी होतानाच पाकिटाचा आकार कमी ठरवणे) चालू करा. या एका कारणापायी लोक आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीशी भांडतात, म्हणून ते लक्षात राहू द्या.

नावे, लॉगिन, घड्याळ

लॉगिनसाठी फ्रीआयपीए (वापरकर्त्यांची मुक्तस्रोत डिरेक्टरी) किंवा आधीच असलेली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, वेब प्रणालींसाठी तिच्यापुढे कीक्लोक (सगळ्या वेब प्रणालींना एकच लॉगिन देणारे सॉफ्टवेअर) आणि दुपदरी पडताळणी. डिरेक्टरीची एक प्रत आवारात आणि एक क्लाउडमध्ये असलीच पाहिजे. ती एकाच बाजूला असेल तर लिंक तुटल्यावर सर्व्हर धडधाकट असतात आणि कोणालाच आत जाता येत नाही. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचेही तेच. प्रत्येक सर्व्हरवर एक स्थानिक आणीबाणीचे खाते ठेवा, त्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात व्यवस्थापकाच्या तिजोरीत.

घड्याळाकडे कुणी बघत नाही. सेफच्या मॉनिटरांमध्ये (क्लस्टरची स्थिती सांभाळणाऱ्या सेवांमध्ये) ०.०५ सेकंदाचा फरक पडला तरी इशारा येतो, डिरेक्टरीच्या लॉगिनमागच्या केर्बेरॉसला पाच मिनिटांच्या वर फरक चालत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, मिळवायची आहेत. आवारात क्रोनी हे घड्याळ जुळवणारे सॉफ्टवेअर चालवणारे दोन सर्व्हर ठेवा आणि बाकी सगळ्यांना त्यांच्याकडे वळवा.

सगळे लिहून ठेवलेले

क्लाउडमधली व्हीएम, नेटवर्क, फायरवॉलचे नियम पोर्टलवर क्लिक करून बनवू नका. ओपनटोफू (क्लाउडची मांडणी मजकुरात लिहून त्यावरून उभारणारे साधन) वापरून लिहा आणि गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या भांडारात, ठेवा. याच कामाच्या टेराफॉर्मचा परवाना ऑगस्ट २०२३मध्ये बदलल्यावर त्यातून ओपनटोफू लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वेगळे झाले. व्हीएमच्या आतले काम, म्हणजे पॅकेज, वापरकर्ते, घड्याळ, लॉग, अ‍ॅन्सिबलने करा. ओपनटोफूच्या स्टेट फाइलमध्ये (काय काय उभारले त्याच्या नोंदीत) पासवर्ड उघडे पडू शकतात, म्हणून ती गिटमध्ये टाकू नये. लॉक होणाऱ्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा आणि १.७ आवृत्तीपासून मिळणारे एन्क्रिप्शन लावा. प्रत्येक गोष्टीला मालक, विभाग आणि मुदत असे तीन टॅग सक्तीचे करा. टॅग नसलेली व्हीएम कोणाची हे सहा महिन्यांनी कोणीच सांगू शकत नाही, आणि बिल मात्र येत राहते.

जुन्या व्हीएम हलवताना

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून व्हीएम आणण्याची सोय प्रॉक्समॉक्समध्ये ८.२पासून आहे. विंडोजमध्ये व्हर्टआयओ (केव्हीएमच्या आभासी डिस्क-नेटवर्कचे) ड्रायव्हर हलवण्याआधीच घाला, नाहीतर पहिल्याच बूटला निळा पडदा दिसतो. तो दिसलाच तर डिस्क तात्पुरती साटा जोडणीवर लावा, ड्रायव्हर घाला, व्हर्टआयओची एक लहान रिकामी डिस्क जोडून ती ओळखली जाते का बघा आणि मगच मूळ डिस्क बदला. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचे नाव बदलते आणि पत्ता हरवतो, म्हणून कन्सोलवरून लॉगिन होते याची खात्री आधीच करा. सर्व्हर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर व्हीएमचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ ठेवू नका, चालू व्हीएम दुसरीकडे नेताना कोसळू शकते.

आधी बिनमहत्त्वाच्या चार-पाच व्हीएम हलवा, दोन आठवडे चालू द्या, मग हिशेबाची प्रणाली, सर्वांत शेवटी उत्पादनाची. चवथीच्या आदल्या आठवड्यात मोठे स्थलांतर ठेवू नका. अर्धी माणसे गावी असतात आणि सॉफ्टवेअर पुरवणाराही फोन उचलत नाही.

बॅकअप

तीन प्रती म्हणजे बॅकअप झाला असे समजू नका. कोणी फाइल पुसली किंवा रॅन्समवेअर शिरले तर सेफ तो बदल तिन्ही प्रतींवर इमानाने लिहिते.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या यंत्रावर, क्लस्टरच्या बाहेर आणि शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवा. क्लाउडमध्ये तसाच दुसरा चालवा आणि त्याने प्रती ओढून न्याव्यात असे लावा. आवारातल्या सर्व्हरला तिकडे पुसण्याचा अधिकार नसला की घुसखोरालाही नसतो. बॅकअपच्या एन्क्रिप्शन किल्लीची एक प्रत छापून तिजोरीत ठेवा. किल्ली जळालेल्या सर्व्हरवरच होती, तर बॅकअप असून नसल्यासारखा.

लिंकचा हिशेब आधी करा. ५ टीबी १०० एमबीपीएसवरून पाठवायला लिंक पूर्ण मोकळी असली तरी साडेचार दिवसांहून जास्त लागतात. पहिली प्रत शनिवार-रविवार आणि रात्री वेग बांधून पाठवा. रोजचा बदल ४० जीबी असेल तर तासा-सव्वा तासात जातो. उलट दिशेला तेवढेच दिवस लागतील आणि क्लाउडमधून बाहेर काढलेल्या प्रत्येक जीबीचे पैसे पडतील, म्हणून मोठ्या दुर्घटनेत सगळे गोव्यात परत आणण्याऐवजी महत्त्वाच्या व्हीएम क्लाउडमध्येच उठवण्याची तयारी ठेवा. कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असणे कायद्याने बंधनकारक आहे.

महिन्यातून एकदा यादीतली कोणतीही एक व्हीएम वेगळ्या जाळ्यात परत उठवा. ज्याची ती प्रणाली आहे त्याने आत जाऊन कालची नोंद बघावी आणि सही करावी.

देखरेख

दोन्ही बाजूंना आकडे गोळा करणारे स्वतंत्र प्रोमिथियस, वर ते आलेखात दाखवणारे एक ग्राफाना, लॉगसाठी लोकी. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवण्याचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवण्याचे बंधन आहे. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचेच आकडे ठेवते, तेही वाढवून घ्या. इशारे मोजके लावा: सेफची तब्येत, ७० टक्के भरलेली जागा, वायरगार्डचा शेवटचा हँडशेक (दोन टोकांची ओळखपाळख) तीन मिनिटांहून जुना, खोलीचे तापमान, बॅकअप न होणे, प्रमाणपत्र संपायला २१ दिवस. शिवाय एक इशारा सतत वाजत राहील असा ठेवा आणि तो थांबला की बाहेरच्या सेवेने फोन करावा. देखरेख करणारा सर्व्हरच पडला तर कळायला दुसरा मार्ग नसतो.

खर्चावरही तशीच नजर हवी. ठरवलेल्या रकमेच्या ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर सूचना लावा. चाचणीच्या व्हीएम आठवड्याचे १६८ तास चालू ठेवण्याऐवजी सोमवार ते शनिवार दहा तास चालवल्या तर ६० तासांत भागते.

अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारे कुबरनेटीस पहिल्या सहा महिन्यांत आणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे बुकिंग इंजिनला गरज पडली तर क्लाउडमध्ये एक आणि आवारात एक असे दोन वेगळे क्लस्टर करा आणि दोन्हींना आर्गो सीडीने (गिटमधले बदल क्लस्टरवर लावणाऱ्या साधनाने) एकाच गिटमधून चालवा. एकच क्लस्टर दोन गावांत ताणला की त्याची स्थिती साठवणारे ईटीसीडी लिंकच्या प्रत्येक हेलकाव्याला नवा नेता निवडत बसते.

अपग्रेड

वर्षातून दोन खिडक्या ठरवा: एक एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी, दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हंगामाच्या आधी. सुरुवातीला ताजा बॅकअप तपासा आणि आवृत्तीच्या सूचना वाचा. मग सेफवर ‘नोआउट’ लावा, म्हणजे सर्व्हर रीबूट होत असताना डेटाची उगीच हलवाहलव होणार नाही. एका सर्व्हरवरच्या व्हीएम बाकी दोघांवर न्या, तो अपग्रेड करा, रीबूट करा आणि सेफमधले सगळे तुकडे पुन्हा ‘अ‍ॅक्टिव्ह अँड क्लीन’ दिसेपर्यंत थांबा. ‘नोआउट’चा पिवळा इशारा तोवर दिसत राहील, तो चालतो. तुकडे जुळून येण्याआधी दुसऱ्या सर्व्हरला हात लावला तर प्रती दोनच्या खाली जातात आणि सगळ्या व्हीएम एकदम गोठतात. तिसरा सर्व्हर झाला की ‘नोआउट’ काढायला विसरू नका, कारण तो राहिला तर पुढच्या वेळी खरोखर डिस्क मेली तरी सेफ तिची प्रत नव्याने बनवणार नाही.